क्षितिज वर घ्या

पहाटे साडेपाच

रात्री दोरीवर टांगलेले कागद आधी चाचपून बघायचे. मोखाड्यात मार्गशीर्षातलं दव खोलीच्या आतही शिरतं. कागद वरून कोरडा वाटतो आणि कडेला ओल धरून असतो. साधाच कार्ट्रिज पेपर आहे. त्याला तांदळाची पातळ पेज, गाळून, चिमूटभर तुरटी घालून, दोन्ही अंगांनी लावलेली. एकाच अंगाला लावली तर वाळताना कागद वळतो. कोरडे निघाले तेवढे पाटावर घेतो आणि कवडीने घोटायला बसतो. कवडी त्र्यंबकच्या पूजासाहित्याच्या दुकानातली, मोठी, गुळगुळीत पाठीची.

पाचशे वर्षांपूर्वी हेरातच्या किंवा तब्रीझच्या किताबखान्यात पोथीचं काम इथूनच सुरू होई. कागदाला खळ द्यायची, ती वाळली की गुळगुळीत दगडाने घोटायची. घोटलेल्या कागदावर बोरूची शाई फुटत नाही, आणि बारीक कुंचल्याची रेघ जिथे ठेवली तिथेच राहते. आमच्याकडे कुंचले बाजारचे, शून्य नंबरचे, आणि रंग पोस्टर कलरच्या बाटल्यांतले. पण कागद घोटलेला असला की पोरांचा हात आपोआप हळू पडतो, एवढं मी पाहिलंय.

मी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत चित्रकला शिकवतो. यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर फारसी पोथ्यांमधली दरबाराची चित्रं वर्गात घेतली, तेव्हा स्टाफरूममध्ये कुणी कुणी हसलं. वारली चित्रांच्या मुलखात इराणचे बादशहा कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर स्मरणचित्राच्या पेपरात आहे.

शासकीय रेखाकला परीक्षेत स्मरणचित्राला विषय येतात ते बाजार, जत्रा, बसस्थानक, वरात असले. पोरं काय करतात? कागदाच्या खालच्या बाजूला आडवी रेघ मारतात, तिच्यावर तीन माणसं रांगेत उभी करतात, मागे दोन डोंगर आणि मध्ये सूर्य. मोखाड्यात सूर्य खरंच डोंगराआडून उगवतो, त्यामुळे सूर्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बाजार कुठाय? रेघेखालची जागा मातीची, वरची आभाळाची. माणसांना उरली ती एक चिंचोळी पट्टी. फारसी चित्रकार क्षितिज पार कागदाच्या माथ्याला नेऊन ठेवतो. मग खालपासून वरपर्यंत सगळी जमीनच. जवळचा खाली, लांबचा वर, सावली कुणाचीच नाही, आणि तख्तावरचा बादशहा व घोडा धरून उभा असलेला मोतद्दार सारख्याच स्वच्छ रेघेत दिसतात.

गंमत अशी, की आमच्या शाळेतल्या वारली पोरांच्या घरच्या भिंतीवर ही रीत होतीच. लग्नाच्या चौकात सवाशिणी पालघट मांडतात, आणि चौकाबाहेर ताडावर चढणारा, नांगर धरणारा, तारप्याभोवती नाचणारे असे सगळे वरखाली, जागा मिळेल तसे येतात. तिथे कुणी क्षितिजाची परवानगी मागत नाही. ती आडवी रेघ शिकवली पहिलीपासूनच्या चित्रकलेच्या वहीने. ती पुसायला मला सरळ वारली चित्रांकडे जाता आलं असतं. पण पोरांना ती ‘आपली’ वाटतात आणि परीक्षेची वाटत नाहीत. बादशहाचं चित्र बघून मात्र ती सावरून बसतात. या सावरून बसण्याचा मी फायदा घेतो.

सव्वासात

स्टँडवर एसटीची वाट बघताना समोर पिकअप भरत होती. नागली-वरईची झोडणी उरकली की वीटभट्ट्यांचा हंगाम लागतो. मुकादमाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला घरंच्या घरं भिवंडी, वसई, कल्याणकडे निघतात. गाडीत पातेली, गोधड्या, टोपलीखाली कोंबडी, सगळ्यांच्या वर पोरं. आश्रमशाळेतली मुलं वसतिगृहात राहतात म्हणून बरीच टिकून असतात. तरी धाकट्याला सांभाळायला म्हणून मोठी बहीण मधूनच नेली जाते, आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढचे रकाने होळीपर्यंत रिकामे राहतात.

गाडीत ओळखीचं कुणी नव्हतं. एसटी आली.

पावणेनऊ

परिपाठ, प्रार्थना, बातम्या, सुविचार. सुविचार काल होता तोच आज होता. कुणाच्या लक्षात आलं नाही.

चित्रं मी नाशिकहून मोठ्या आकारात छापून आणली आहेत. तोरंगण घाटात एसटीच्या धक्क्यांत गुंडाळी मांडीवर आडवी धरून आणली, म्हणून सुरकुती नाही. वर्गात टीव्ही आहे, पण वीज असेल तेव्हा. छापील चित्र विजेवर अवलंबून नाही, शिवाय पोरं त्याला नाक लावून बघू शकतात. ही चित्रं तशीच बघायची असतात. भिंतीसाठी ती नव्हतीच. पोथीच्या पानावर, मांडीवर घेऊन, एका वेळी एक-दोघांनी बघायची ती चित्रं.

साडेनऊ, नववी

आज ‘तारीफ-ए-हुसैनशाही’. ही इराणची नाही, आपल्या अहमदनगरची. नववीला निजामशाही नीट आठवत नाही, पण चांदबिबी सगळ्यांना ठाऊक, म्हणून सुरुवात तिच्या आईबापांपासून केली. बाप हुसैन निजामशहा पहिला, १५५३ ते १५६५ गादीवर. आई खुंजा हुमायूं. आफताबी नावाच्या कवीने सुलतानाच्या स्तुतीचं फारसी काव्य रचलं. त्यात विजयनगरविरुद्धची १५६५ ची तालिकोटची लढाई आहे आणि राणीच्या रूपाचंही भरभरून वर्णन आहे. पोथीत चौदा चित्रं होती, त्यांतली बारा उरली आहेत. ती पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात आहे, आणि ग. त. कुलकर्णी व म. श्री. माटे यांनी संपादून मंडळाने ती १९८७ मध्ये छापली. दख्खनी चित्रकलेचा इतिहास लिहिणाऱ्या कुणालाही पहिला मुक्काम सदाशिव पेठेत करावा लागतो, याचं मला फार बरं वाटतं.

चित्र फळ्यावर लावलं आणि काही न बोलता बाजूला झालो. सुलतान तख्तावर. आजूबाजूला सेविका, उंच, लांब वेण्यांच्या, अंगात चोळ्या. मांडणी इराणकडून शिकलेली, माणसं इथली. आणि सुलतानाला अगदी खेटून एक डाग. रंग फासलेला, खरवडल्यासारखा.

“सर, झेरॉक्स खराब आलीय.”

झेरॉक्स बरोबर आलीय, म्हटलं. तिथे राणी होती.

मग गोष्ट सांगितली. तालिकोट जिंकलं त्याच वर्षी हुसैन वारला. मुलगा मुर्तजा लहान, म्हणून खुंजा हुमायूंने कारभार हाती घेतला आणि काही वर्षं चालवला. १५६९ च्या सुमारास त्याच मुलाने आईला कैदेत घातलं. पोथीत राजाबरोबर जिथे जिथे ती बसली होती, त्यांतल्या बहुतेक जागी तिचं रूप बुजवलेलं आहे. ते तिच्या पडत्या काळात झालं असावं, असं अभ्यासक मानतात. दरबाराचं चित्र म्हणजे नुसती शोभा नव्हे, कुणाचा हक्क कुठे बसतो याचा तो कागद असतो. नाहीतर एका चित्रावर सूड उगवायची गरज काय?

वर्ग जरा थांबला. मग खिडकीजवळच्या बाकावरून प्रश्न आला, आणि या सत्रातला मला मिळालेला सर्वात चांगला प्रश्न तो आहे. “मग तिच्या बाजूच्या बायांना का नाही पुसलं?”

कारण त्यांच्यामुळे कुणाची गादी हलणार नव्हती. ज्यांचं नाव कुणी विचारलं नाही त्या शाबूत राहिल्या. साडेचारशे वर्षांनी मोखाड्याच्या वर्गात त्यांच्या वेणीचे पेड मोजता येतात, आणि सुलतानाची राणी मात्र डागाच्या आकारावरून ओळखावी लागते.

याच पोथीत एक चित्र आहे. एक स्त्री झाडाला हात लावते आणि झाड फुलून येतं. संस्कृत काव्यातला हा जुना दोहदाचा संकेत, फारसी अक्षरांच्या पोथीत येऊन बसलेला. ते दाखवलं तेव्हा मागून एकाने विचारलं, “जव्हारच्या राजालापण शहाच म्हणायचे ना सर?” म्हणायचेच. मुकणे घराणं महादेव कोळ्यांचं. राज्याचा आरंभ १३४३ चा सांगतात, निमशहा ही पदवी दिल्लीच्या सुलतानाकडून आल्याचं सांगतात, आणि पुढे पतंगशहा, विक्रमशहा, कृष्णशहा अशी नावं चालत राहिली ती थेट १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत. फारसी भाषा या डोंगरात फारशी कुणाला आली नसेल, पण राजाने राजा म्हणून दिसायचं कसं हे त्या काळी फारसीच ठरवत होती. अहमदनगर असो की जव्हार. पोरांनी सहलीत जय विलास राजवाडा पाहिलेला आहे, त्यामुळे दरबार म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे तिथलाच जिना येतो. येऊ दे.

काम दिलं. दरबाराच्या कडेला उभं असलेलं एकच माणूस काढा. राजा नको. हातात काहीतरी धरलेलं पाहिजे, आणि ते धरायला जड आहे की हलकं ते मनगटावरून कळलं पाहिजे.

अकरा, आठवी

या तासासाठी मी दिवसभराचा जीव राखून ठेवतो.

चित्र बिहजादचं. निजामी गंजवी या बाराव्या शतकातल्या कवीच्या पाच काव्यांची एक प्रत हेरातला १४९४-९५ मध्ये झाली, ती आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातलं हे पान. नाव सांगितलं नाही, गोष्ट सांगितली नाही. फक्त लावलं.

“साइट आहे,” पहिल्या बाकावरचा म्हणाला.

साइटच आहे. खवर्नक नावाच्या महालाची. अर्धी उठलेली भिंत, लाकडं दोरीने आवळून बांधलेली परांची, तिरकी लावलेली शिडी. खाली चुना कालवणारे, पाठीवर भार घेऊन चालणारे, शिडी चढणारे, खालून वर माल पोचवणारे आणि वर तो घेणारे. पोरं एकदम बोलायला लागली. अशा वेळी मी शिस्तीचा आग्रह धरत नाही. हा फावडं मारतोय. याची पाठ बघा, हा रिकाम्या पाटीचा नाय, भरलेल्या पाटीचा आहे. शिडीवरच्याने तोंड वर का केलंय? वरच्याला ओरडतोय तो. दरबारी चित्रांवरच्या जाड इंग्रजी पुस्तकांत मी या पानाचं वर्णन वाचलेलं आहे. रचना, तिरके अक्ष, रंगांची लय. सगळं खरं. पण ‘शिडीवरचा वरच्याला ओरडतोय’ हे मला आठवीने सांगितलं.

मागच्या बाकावर एक मुलगा आहे. शाळेत यायच्या आधी आईबापांबरोबर भट्टीवर राहिलेला. एरवी बोलत नाही. तो उठून चित्रापाशी गेला आणि म्हणाला, झेलणाऱ्याने हात ताठ ठेवले तर बोटं जातात, विटेबरोबर हात खाली आला पाहिजे. मग डस्टर घेऊन करून दाखवलं. मी टाकायचं, त्याने झेलायचं. त्याच्या हाताची ती खाली येणारी चाल सगळ्यांनी पाहिली, आणि मग सगळ्यांनी एकेकदा डस्टर झेललं. मनुष्याकृतीच्या अभ्यासाचा इतका चांगला तास मला आर्ट टीचर डिप्लोमाच्या वर्गात मिळाला नव्हता.

“सर, राजा कुठाय यात?”

या पानावर नाही.

“मग हा दरबार कसा?”

आता गोष्ट सांगायला हरकत नव्हती. इराणचा राजपुत्र बहराम गूर लहानपणी अरब राजा नुमानकडे वाढायला होता. त्याच्यासाठी महाल बांधायचा ठरलं. कारागीर शोधला, त्याचं नाव सिमनार. त्याने असा महाल उठवला की दिवसाच्या प्रहरांबरोबर त्याचा रंग बदलायचा. राजाने त्याला अपेक्षेपलीकडे बक्षीस दिलं. सिमनार भाबडेपणाने म्हणाला, एवढं मिळणार हे आधी ठाऊक असतं तर याहून सुंदर बांधला असता. राजाच्या मनात आलं, हा दुसऱ्या कुणासाठी बांधेल. त्याने सिमनारला त्याच महालाच्या माथ्यावरून खाली ढकलून दिलं.

मला वाटलं होतं वर्ग हळहळेल. पण वेणीचं टोक चावत बसलेली एक मुलगी शांतपणे म्हणाली, “पैशाचं आधी ठरवून घ्यायला पाहिजे होतं त्याने.”

मग बाकीच्यांची चर्चा उचल, खर्ची आणि हंगामाच्या शेवटी होणारा हिशेब याच्यावर गेली. ती मी अडवली नाही. निजामीच्या काव्याचं हे रसग्रहण कुठल्याही विद्यापीठात चाललं असतं.

बिहजादकडून शिकायची गोष्ट एकच सांगितली. इतकी माणसं आहेत, पण कुणाची पोज दुसऱ्यासारखी नाही. प्रत्येकाला काम आहे, म्हणून प्रत्येकाचा वाक वेगळा. याच पोथीत त्याने खलिफा हारून अल-रशीदला हमामात बसवलंय. वर पंचे वाळत घातलेले, नोकर इकडून तिकडे जाताहेत, आणि जगाचा धनी न्हाव्यापुढे मान वाकवून बसलाय. मुकुट नाही, तख्त नाही. त्यालाही त्या क्षणी एक काम आहे, मान न हलवण्याचं.

पोरांनी कागद घेतले. मी फळ्यावर क्षितिजाची रेघ अगदी वर मारली, आणि खाली लिहिलं: इथून खाली सगळी जमीन, भरा. बहुतेकांनी भट्टी काढायला घेतली. महाल काढा असं मी म्हणालो नव्हतो.

पाऊण

भात, आमटी, मटकीची उसळ. जेवण झाल्यावर मी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून दुपारची चित्रं लावत होतो, तेव्हा मावशी हात पुसत आल्या. त्या शाळेत कामाठी आहेत. चित्रांबद्दल त्यांची मतं ठाम असतात. आज त्यांच्या हाती लागलं ते बिहजादचंच, सादीच्या ‘बोस्तान’च्या १४८८ च्या प्रतीतलं सुरुवातीचं जोडचित्र. मूळ पोथी कैरोला आहे. सुलतान हुसैन बायकराची मेजवानी. एका पानावर सुलतान बैठकीवर, दुसऱ्या पानावर चाकरांची धावपळ, झिंगलेल्या पाहुण्यांना धरून नेणारे, आणि वर एका कोपऱ्यात भांड्यांची काहीतरी मांडामांड.

मावशींनी त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “ही भट्टी लावलीय.”

होय. मद्य गाळण्याचीच मांडणी आहे ती. मोहाच्या मुलखात ती ओळखायला कलासमीक्षक लागत नाही. पण मावशींचं निरीक्षण त्यापुढचं होतं. “पिणारे इतके आणि गाळणारे दोनच. पुरं पडायचं नाही.” तेवढं बोलून त्या पातेली घासायला गेल्या. रोज दोन वेळा साऱ्या शाळेचं जेवण रांधणाऱ्या बाईंनी काढलेला हा हिशेब आहे, मी त्यावर वाद घातला नाही.

दोन, सहावी आणि सातवी एकत्र

एक शिक्षक प्रशिक्षणाला गेलेत, म्हणून दोन वर्ग एकाच खोलीत. आवाज दुप्पट नाही, चौपट. अशा वेळी कयूमर्स काढायचा.

फिरदौसीच्या शाहनाम्यातला हा पहिला राजा. त्याच्या काळी महाल नव्हते, कापडही नव्हतं. डोंगरात राहायचा, बिबट्याचं कातडं पांघरायचा, माणसांना खाणंपिणं आणि पांघरणं शिकवायचा, आणि त्याच्यापुढे रानातली जनावरं निमूट बसायची. सोळाव्या शतकात तब्रीझला शाह तहमास्पसाठी शाहनाम्याची जी प्रत बनली, तिच्यातलं सुलतान मुहम्मदने काढलेलं हे पान माझ्या मते जगातलं सर्वात सुंदर दरबारचित्र आहे, आणि त्यात एकही भिंत नाही. कड्याच्या टोकावर राजा, दोन्ही अंगांनी डोंगर उतरत आलेला, त्या उतारावर गोल धरून बसलेली चट्ट्यापट्ट्यांच्या कातड्यांतली माणसं. दोस्त मुहम्मद नावाच्या समकालीन जाणकाराने १५४४ च्या सुमारास लिहून ठेवलंय की बिबट्याच्या कातड्यातल्या माणसांचं त्याचं एक चित्र असं उतरलं, की भले भले चितारी त्यापुढे खाली मान घालून उभे राहिले.

सूर्यमाळच्या पठाराखाली राहणाऱ्या पोरांना डोंगरातला दरबार समजावून सांगावा लागत नाही. वाघबारस होऊन फार दिवस झालेले नाहीत. वाघोबाला नैवेद्य दाखवून आलेल्या पोरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की राजाने बिबट्या मारला मग वाघोबा त्याच्यावर कोपला नाही का? पुढे काय झालं ते सांगितलं: काळ्या दैत्याने राजाचा मुलगा सियामक मारला. “बघा!” असं तीन-चार जण एकदम म्हणाले. फिरदौसीला हा कार्यकारणभाव अभिप्रेत नसेल. पण गोष्ट बसली.

मग खेळ. सुलतान मुहम्मदने खडकांच्या वळणांत माणसांचे आणि जनावरांचे चेहरे लपवले आहेत. शोधा. चाळीस डोकी एका कागदावर झुकली आणि खोलीत, दोन वर्ग असूनही, फक्त कुजबुज उरली. त्यांनी शोधलेले सगळे चेहरे सुलतान मुहम्मदने काढलेले असतील असं नाही.

दुसरं चित्र बागेतल्या दरबाराचं लावलं, तर एकजण म्हणाला, राजाच्या गालिच्यापुढून गटार काढलंय. पाण्याचा पाट काळाठिक्कर दिसत होता खरा. या पोथ्यांत पाणी बऱ्याचदा चांदीच्या वर्खाच्या रंगाने भरलेलं असतं. नवं असताना ते लखलखत असणार. हवा लागून चांदी काळवंडली, सोनं तसंच राहिलं. त्यामुळे पाचशे वर्षांनी आभाळ सोनेरी आणि पाणी काळं. निळा रंग मात्र टिकून आहे, कारण तो बदख्शानच्या खाणीतला लाजवर्द दगड कुटून, धुऊन काढलेला. आमच्याकडे निळ्याची बाटली संपली आहे, सध्या कपड्यांच्या निळीवर भागवतोय. ती वाईट नाही, फक्त हाताची बोटं आठवडाभर तशीच राहतात.

त्या तहमास्पच्या शाहनाम्याचं पुढे काय झालं, हे सातवीने विचारलं म्हणून सांगितलं. दोनशे अठ्ठावन्न चित्रांची पोथी. १५६८ मध्ये उस्मानी सुलतान सलीमला भेट गेली. शतकांनंतर युरोपात पोचली. १९५९ मध्ये आर्थर हॉटन या अमेरिकन संग्राहकाने ती विकत घेतली, आणि पानं सुटी केली. अठ्ठ्याहत्तर चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला गेली, काही विकली गेली, आणि १९९४ मध्ये उरलेली पोथी इराणने परत मिळवली ती विलेम डी कूनिंगच्या एका स्त्रीचित्राच्या बदल्यात. अदलाबदल झाली व्हिएन्नाच्या विमानतळावर. कयूमर्सचं पान आज टोरांटोला आगा खान संग्रहालयात आहे. २०११ मध्ये यातलं एकच पान लंडनच्या लिलावात ७४ लाख पौंडांना गेलं.

“पुस्तक फाडलं म्हणून त्याला कुणी मारलं नाही?” सहावीतल्या एका पोराने विचारलं. वाचनालयाच्या पुस्तकाचं पान फाडल्याबद्दल त्याला गेल्याच आठवड्यात अर्धा तास उभं केलं होतं. मी घंटेची वाट बघितली.

सव्वाचार

डेडस्टॉक रजिस्टर. तुटलेले कंपास सहा, बिनझाकणाच्या रंगाच्या बाटल्या अकरा, त्यांची निर्लेखनाची टिप्पणी. रेखाकला परीक्षेच्या फॉर्मांसाठी नेटवर्क शोधत शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढलो. दोन दांड्या आल्या, एक फॉर्म गेला, दुसरा अडकला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

रात्री नऊ

खोलीवर येऊन भाकरी केली, उद्यासाठी पेज गाळून कागदांना लावली, दोरीवर टांगले. आता टाचण.

टाचणाचा आम्हा शिक्षकांना कंटाळा असतो. माझा कंटाळा एका दस्तऐवजाने थोडा कमी केला. तैमूरचा नातू बायसुंघर याचा हेरातला मोठा किताबखाना होता. तिथल्या प्रमुखाने, जाफर तब्रीझीने, १४२० च्या दशकाच्या अखेरीस धन्याला कामाचा एक अहवाल पाठवला. तो इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या संग्रहात टिकून आहे. दरबाराच्या वैभवाबद्दल त्यात अक्षर नाही. कुणाचं चित्र कुठवर आलं, कुणाची पानं लिहून झाली, कुणाची बांधणी बाकी आहे, तंबूंचं आणि खोगिराचं काम कुठे पोचलं, आणि एका कारागिराचे काही दिवस डोळे दुखत होते. बस. ज्या पोथ्यांपुढे आज आपण श्वास रोखतो, त्या अशा नोंदींतून, हळूहळू पुढे सरकत होत्या. त्या डोळे दुखणाऱ्या माणसाचा विचार केल्याशिवाय मला आता एकही बारीक रेघ बघता येत नाही.

तेव्हापासून मी ठरीव साच्याच्या खाली चार ओळी जाफरच्या पद्धतीने लिहितो. वरिष्ठ तपासणीला आले तर वाचतील, नाहीतर माझ्यापाशी राहतील. आजच्या अशा:

नववी: दरबाराच्या कडेची माणसं, रेखांकन झालं. बहुतेकांनी हंडा घेतलेली बाई काढली. एकीने डागाचंच चित्र काढलं आहे, ते ठेवून घेतलं.

आठवी: भट्टी आणि परांची, रंग निम्मे. झेलणाऱ्याचे हात सर्वांचे चांगले आले. राजा काढायला सांगितलं होतं. वर्गाचं म्हणणं, कागदावर जागा उरली नाही.

सहावी-सातवी: खडकांतले चेहरे. दोघांचे डोळे आले आहेत, त्यांना आरोग्य केंद्रात पाठवणे.

साहित्य: नीळ दोन पुड्या, तुरटी, जाड दोरी. कवडी आणखी एक मिळाल्यास बरं, मुलं घोटायला मागतात.